चहा झाल्याशिवाय रस्ता नाही

"गेलं म्हणू नको. आलं का, ते सांग."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही कुणी माझ्यासमोर "मेल पाठवलाय" म्हणालं, की माझ्या तोंडून निघतंच, "उत्तर आलं का?" समोरच्याला वाटतं ही बाई संशय घेतेय. घेऊ दे वाटून. दोष माझा नाही, चाकणच्या त्या कंपनीत जे माझे साहेब होते त्यांचा आहे.

नाव सांगत नाही. तसंही प्लांटमध्ये त्यांचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना 'धाकटे' म्हणायचे. वय पंचावन्नच्या पुढं, डोक्यावर केस नावापुरते, पोट पट्ट्याच्या बाहेर, आणि म्हणायचं काय तर धाकटे. मी नवी होते तेव्हा मला याचं फार हसू यायचं. मग कळलं, मागच्या गेटवर ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, तिथल्या केबिनमध्ये 'थोरले' बसतात. सख्खे भाऊ, कुरुळीचे. ज्या जमिनीवर कंपनी उभी आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या घरचा होता, त्यामुळे दोघं इथं नोकरीला लागलेले. एकाच गेटनं आत यायचे, एकाच गेटनं बाहेर जायचे, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते.

मी लातूरची. तेव्हा पिंपळे गुरवला दोघी मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायचे आणि कंपनीच्या बसनं चाकणला जायचे. धाकट्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए लातूर, इकडं ये." सुरुवातीला राग यायचा. नंतर नंतर कुणी खऱ्या नावानं हाक मारली की मीच मागं वळून बघायची नाही.

आमची खोली म्हणजे सर्व्हर रूम, प्लांटच्या मागच्या भिंतीला लागून. आत यंत्रांची घरघर, एसीचा गारठा आणि लसणाच्या चटणीचा वास. हो, चटणीचा. धाकटे घरून बाजरीची भाकरी आणायचे आणि रॅकच्या मागच्या बाजूला, जिथून मोठ्या स्विचची गरम हवा बाहेर पडते, तिथं फडक्यात बांधून ठेवायचे. दुपारपर्यंत भाकरी ऊन. एकदा ऑडिटला आलेला माणूस नाक वर करून खोलीभर फिरला आणि शेवटी म्हणाला, "इथं काही जळतंय का?" धाकटे म्हणाले, "जळत न्हाई, ऊन होतंय. बसा, अर्धी घ्या." त्यानं खरंच घेतली. अहवालात भाकरीचा उल्लेख आला नाही.

खोलीत जाताना बूट बाहेर काढायचे, आतली रबरी स्लिपर घालायची. ती स्लिपर उंबऱ्याबाहेर गेलेली त्यांना खपायची नाही. एकदा मी घाईत तशीच कॅन्टीनला गेले, तर परत आल्यावर साहेबांनी माझ्यासमोर ती नळाखाली धुतली. बोलले काही नाहीत, धुतली फक्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचं काम काय, हे मी माझ्या आईला आजवर समजावू शकलेले नाही. धाकट्यांनी मला ते उभ्या उभ्या समजावलं. स्विचच्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे एक गाव हाय. पर आत आमी आळ्या पाडल्यात. पेंटशॉपची एक, स्टोअरची एक, क्वालिटीची एक, क्यामेऱ्यांची एक. ह्यालाच तुमी लोक व्हीलॅन म्हणता. वायरी शेजारी शेजारी लावल्यात, पर ह्या आळीतल्या मशीनला त्या आळीतलं मशीन दिसत न्हाई. भेटायचंच असंल तर वेशीवरनं जायचं. वेस म्हंजी हा मोठा स्विच. अन् वेशीवर कोण बसलंय?"

"तुम्ही."

"मंग झालं तर."

आळीतून आळीत जायचा रस्ता म्हणजे त्या मोठ्या स्विचमध्ये लिहायच्या दोन ओळी. एक जायची, एक यायची. धाकट्यांनी सगळे दरवाजे मुळात बंदच ठेवलेले होते, त्यामुळे दोन्ही ओळी हातानं घालाव्या लागायच्या. बाहेरून आलेले इंजिनियर पहिली घालायचे आणि दुसरी विसरायचे. एकदा लेबल प्रिंटर बसवायला एक आला होता, चांगला टायबिय लावून. सिस्टिमनं प्रिंटरला काम पाठवलं, प्रिंटरनं ते घेतलं, पण "मिळालं" एवढं सांगायला त्याला परतीची वाटच नाही. सिस्टिम बिचारी थांबून राहिली, लाइन थांबून राहिली. तो आपला म्हणतोय, "आमच्याकडून गेलंय सर, पोचलं असेल."

'असेल' हा शब्द धाकट्यांना चालायचा नाही. "असंल म्हंजी काय? पोरगी नांदायला गेली, अन् घरी फोन न्हाई, तर पोचली असंल म्हणून झोपशील का रे?" तो इंजिनियर अविवाहित होता.

रस्ता जोडून झाला की पिंग म्हणून एक तपासणी असते. या बाजूनं हाक मारायची, त्या बाजूनं ओ आली की स्क्रीनवर ओळ उमटते. ती ओळ उमटेपर्यंत धाकटे श्वास रोखून बसायचे. उमटली की एकच शब्द, "आलं." आणि मग खुर्चीत मागं रेलायचे. मोठ्या स्विचला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत, माझाही नाही. मी शेजारी बसून बघायचं.

पण प्लांटभर ते प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दोन डिपार्टमेंटना जोडायचं असलं, की दोन्हीकडच्या मुख्य माणसांनी गेटबाहेर मावशींच्या टपरीवर एकत्र चहा घ्यायचा. धाकट्यांच्या देखत, पूर्ण ग्लास संपवून. त्याशिवाय रस्ता नाही. मेल करा, वरून फोन आणा, उपयोग शून्य. "ज्याच्या दारात जायचंय त्यानं व्हय म्हणलंय का? मला तोंडानं म्हणलेलं पायजे." क्वालिटी आणि स्टोअर यांच्यात तर विळ्याभोपळ्याचं नातं. त्या दोघांना त्यांनी एका बाकड्यावर बसवलं. पहिला घोट दोघांनी दोन दिशांना तोंडं करून घेतला. ग्लास संपेपर्यंत स्टोअरवाल्याच्या मुलीला आणि क्वालिटीवाल्याच्या मुलाला एकच शिकवणी आहे हे निघालं, आणि मग दोघं मिळून त्या शिकवणीवाल्याला शिव्या घालायला लागले. धाकटे मला हळूच म्हणाले, "चल, आता जोडू."

हिंजवडीच्या एका कन्सल्टंटनं सांगितलं, मी एवढ्या लांब येणार नाही, कॉलवर बोलू. धाकटे म्हणाले, बरं, मग कॉलवर चहा. इकडं पेंटशॉपचे साहेब ग्लास घेऊन बसले, तिकडं कन्सल्टंट मारुंजीच्या त्याच्या फ्लॅटमध्ये चहाचा मग घेऊन. दोन घोट झाल्यावर धाकटे स्क्रीनजवळ गेले. "तुमच्यातनं वाफ निघंना झालीया. मग वाकडा करा बघू." मगात काहीच नव्हतं. त्या पोरानं उठून, कॅमेऱ्यासमोर, चहा टाकला. आम्ही सगळे आधण येईपर्यंत थांबलो.

मला हा प्रकार आधी निव्वळ आचरटपणा वाटायचा. माझ्या नावावर कामं पडून असायची, त्यांच्या तारखा उलटून जायच्या आणि हे माणसं गोळा करत बसलेत. मी एकदा तोंडावर म्हणालेही, "सर, तुमच्यामुळे मला बोलणी बसतात." ते म्हणाले, "बस. मला बी बसत्यात. दोघं मिळून खाऊ."

आमच्या खोलीत काट्यावरचा भोंगा ऐकू यायचा. थोरले केबिनमधून माइकवर गाड्या बोलवायचे, "पुढची गाडी घ्या," "मागं घ्या, चाक बाहेर हाय." दिवसभर तो आवाज भिंतीतून आत यायचा. भाकरी खाताना भोंगा वाजला की धाकट्यांचा घास हातातच थांबायचा. आवाज बंद झाला की तोंडात जायचा. मी हे बघितलंय पुष्कळदा आणि मला दर वेळी वाईट वाटलंय.

मग ती मीटिंग झाली. मोठ्या साहेबांनी सांगितलं, काट्यावरचं वजन आता थेट सिस्टिममध्ये आलं पाहिजे, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर गाडी सुटणार नाही. काट्याचं नेटवर्क सर्व्हरच्या नेटवर्कला जोडा. शनिवारपर्यंत झालं नाही तर सोमवारपासून काटा बाहेरच्या एजन्सीला देऊ, थोरल्यांना स्क्रॅपयार्डात बसवू. खोलीतल्या सगळ्या माना धाकट्यांकडं वळल्या. काट्याचे मुख्य थोरले. सर्व्हरचे मुख्य धाकटे. म्हणजे चहा कुणी कुणाबरोबर घ्यायचा, हे सांगायची गरज नव्हती.

थोरले प्लांट सुरू झाल्यापासून त्या केबिनमध्ये होते. खिडकीत तुळस लावलेली, भिंतीवर बैलांचे फोटो. स्क्रॅपयार्डात ते महिनाभरही टिकले नसते, हे सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवार आला तरी धाकटे हलले नव्हते. दुपारी रॅकमागं बसून भाकरी मोडत होते, खात नव्हते. मी म्हणाले, "सर, दोन ओळींचं तर काम आहे. मी टाकते. तुम्ही बघूच नका."

"अन् उद्या स्टोअरवाला म्हणंल, आमाला बाकड्यावर बसवलं, अन् घरच्याला तसाच सोडला."

"म्हणू दे. थोरल्यांची खुर्ची चाललीय तुमच्या नियमापायी."

एवढं बोलल्यावर मलाच धसका बसला. पण ते रागावले नाहीत. भाकरी फडक्यावर ठेवली आणि सांगायला लागले. भोंग्याकडं कान, नजर स्विचच्या दिव्यांवर.

"आमच्याकडं पाखऱ्या म्हणून बैल होता. शर्यतीचा. दादाचा जीव त्याच्यात. दादानं स्वतः कमी खाल्लं असंल, पर त्याला अंडी, दूध. मंग शर्यतींवर बंदी आली. घाट सुने पडले. मी आपला शिकलेला शहाणा. म्हणलं, आता बैल दावणीला बांधून काय करायचा? दादा पाहुण्यांकडं लग्नाला गेलता. मी मेव्हण्याला फोन लावला, टेम्पो आला, पाखऱ्या मंचरला गेला. इकला न्हाई हां, लातूर. सांभाळायला दिला. पर दादाला इचारलं न्हाई."

"मग?"

"दादा आला. दावण बघितली. माझ्याकडं बघितलं. आत गेला. तवापासनं बंद."

"परत का नाही आणलात?"

"गेलतो की आणायला. मेव्हण्याची पोरं त्याच्या गळ्यात पडलेली. त्यांच्या दावणीचा सोडायचा म्हंजी परत तेच. एकाला न इचारता नेला, आता दुसऱ्याला न इचारता आणायचा. इचारलं, तर पोरं रडायला लागली. जायची वाट मी एका फोनवर केली. यायची मला न्हाई करता आली."

चहाचा नियम कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना बोलले होते ते सगळं आठवलं. ते म्हणाले, "मी भेत न्हाई त्याच्या रागाला. तो समोरनं नुसता निघून गेला, तर मंग काय करायचं, त्याला भितो."

शनिवारी सकाळी ते म्हणाले, "चल." मावशींच्या टपरीवरून दोन ग्लास घेतले, स्वतःच्या हातांनी, आणि मागच्या गेटकडं निघाले. मी मागं. गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेलेली. काट्याची लोखंडी फळी ओलांडल्याशिवाय केबिनच्या खिडकीशी जाता येत नाही, तर हे फळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर लाल आकड्यांत साहेबांचं वजन आलं. रांगेतल्या ड्रायव्हरांनी ते वाचलं आणि आपापसात हसायला लागले. मी असते तर जमिनीत गेले असते. हे ग्लास सांभाळत उभे.

भोंगा वाजला. "काट्यावरनं खाली उतरा. गाडी घ्यायचीय."

खिडकीतल्या माणसानं वर बघितलंसुद्धा नव्हतं. पण माझ्या माहितीत इतक्या वर्षांत थोरले धाकट्यांना उद्देशून पहिल्यांदा काही बोलले ते हेच.

"उतरतो," धाकटे म्हणाले. "आधी चहा."

"ड्युटीवर मी चहा घेत नाय."

"नियम हाय."

"नियम तुझा हाय," भोंगा म्हणाला.

'तुझा' ऐकल्यावर धाकट्यांनी एक ग्लास खिडकीच्या दिशेनं पुढं केला. केबिनचं दार उघडलं. थोरले उंच, वाळलेले, पांढरी मिशी. फळीच्या कडेला येऊन थांबले, हात पुढं केला, ग्लास घेतला. दोघं शेजारी शेजारी उभे राहून पीत होते, तोंडं रांगेकडं. मी मनातल्या मनात म्हणत होते, संपवा हो, एवढा एक ग्लास संपवा.

अर्ध्यावर थोरले थांबले. म्हणाले, "पाखऱ्या थकलाय. पुढच्या पायानं लंगडतो."

"तुला कसं ठावं?"

"दर पोळ्याला जातो मी. झूल घालून येतो."

धाकटे बघतच राहिले. दर पोळ्याला मेव्हणा त्यांना बैलाचा फोटो पाठवायचा. ते मलाही दाखवायचे, "ह्या वर्षी बी नवी झूल हाय बघ, मेव्हणा हौशी हाय." तेवढ्यात रांगेतल्या एका गाडीनं हॉर्न मारला, आणि थोरल्यांनी अर्धा ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीशेजारी ठेवला आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही परत आलो. मला वाटलं, झालं, चहा झालाच म्हणायचा. धाकटे स्विचसमोर बसले. जायची ओळ घातली. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"सर, यायची?"

"चहा अर्धा झालाय."

मी कपाळाला हात लावला. पिंग केलं, हाक गेली, ओ नाही. पुन्हा केलं, नाही. मोठ्या साहेबांचा फोन आला, झालं का? धाकटे म्हणाले, "अर्धं झालंय." पलीकडून जे काही बोललं गेलं ते मला फोनबाहेर ऐकू येत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला. मी म्हणाले, "तुम्हाला कळतंय का? दुपारी एजन्सीला फोन जाणार. निदान थोरल्यांसाठी तरी ती ओळ घाला." मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता.

"त्यानं व्हय म्हणलं न्हाई अजून," ते म्हणाले. "त्याच्या दारातनं न इचारता मी परत काय न्हेणार न्हाई. खुर्ची गेली तर माझी बी जाऊ दे."

भोंगा वाजला. "पुढची गाडी थांबवा." मग नुसती खरखर. माइक चालू होता. धाकट्यांनी मान वर केली.

"धाकट्या," भोंगा म्हणाला, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा. "चहा गार झालाय. दुसरा सांगितलाय. ये."

ते उठले. खुर्ची मागं पडली. दारापर्यंत गेले, थांबले आणि म्हणाले, "ती यायची ओळ तू घाल."

"मी?"

"मंग काय मावशी घालणार व्हय?"

आणि गेले. आतली रबरी स्लिपर पायात तशीच, उंबऱ्याबाहेर, आवारात, तेलाच्या डागांवरून. सेफ्टी शूजशिवाय कुणाला पुढं न सोडणाऱ्या सिक्युरिटीनंही त्यांना अडवलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी त्यांची खुर्ची उचलून तिच्यावर बसले. ओळ घातली, तीन वेळा वाचली, पिंग केलं. ओळ उमटली. मग दुसरी, मग तिसरी.

"आलं," मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. मी त्यांना फोन लावला.

रिंग मला दोन ठिकाणांहून ऐकू आली, एक कानात, एक भोंग्यातून. माइक बंद करायचा राहिला होता. आवारात एकही गाडी हॉर्न मारत नव्हती. भोंग्यातून ग्लास कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग थोरल्यांचा.

"उचल की."

"वाजू दे," धाकटे म्हणाले. "लातूर हाय. आलं असंल. तू सांग, पुढच्या कुठल्या पायानं लंगडतो?"